मालवाल्याने आपल्या हॉटेलचा मेनू ठरवावा का?

गल्लेवाला
किराणा, पनीर, फ्रोजन, सगळं ज्याच्याकडून येतं त्या मालवाल्याने 'मेनू प्लॅनिंग' फुकट सुरू केलंय. २०२६चा रंगीत तक्ता हातात दिला. जून-जुलैत 'सी-फूड महोत्सव', २५ ऑगस्टनंतर 'कबाब महिना'.

जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी. म्हणजे सुरमई फ्रोजन, आणि ती ह्यांच्याच गोदामातली! कबाबांची तर कमालच. २०२५ला श्रावण २५ जुलैला लागला होता, २०२६ला अधिक ज्येष्ठामुळे १३ ऑगस्टला लागतो. जुनाच तक्ता, फक्त साल बदललेलं. ऐन श्रावणात ठाण्यात कबाब कोणाला खाऊ घालू?

तरी सेवा बंद करा असं मी म्हणत नाही. आधी आमच्या केओटी (भटारखान्यात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या) बघा, काय खपतं, काय उरतं. मग पंचांग. तुमचा स्टॉक सगळ्यात शेवटी.

रोकडा सवाल
फुकट कसलं? पैसे मालाच्या दरात वसूल होतात. कुंपणानेच शेत खायचं ठरवल्यावर कुंपण सुधारून काय उपयोग? आमच्या रस्त्यावर पाच हॉटेलं, पाचही ठिकाणी त्याच पाकिटातली मखनी ग्रेव्ही. गिऱ्हाईक पाटी न बघता जिथे पार्किंग मिळेल तिथे शिरतं.

बिलटीवाला
मी पुरवठादाराकडेच सेल्सला आहे, तेव्हा शिव्या खायला तयार आहे. पण सांगा, किती हॉटेलांत रेसिपी कार्ड, म्हणजे कुठल्या डिशमध्ये काय किती पडतं ते लिहिलेलं, आहे? प्लेटला १०० ग्रॅम धरलं तर किलोभर पनीरच्या १० प्लेटी निघायला हव्यात. वस्तादाच्या, म्हणजे मुख्य आचाऱ्याच्या, हाताने ८ निघतात. त्या दोन प्लेटी कुणाच्या हिशेबात नसतात. कोथिंबीर पावसाळ्यात निवडली की निम्मी कचऱ्यात, पण कॉस्टिंग मात्र पूर्ण जुडीचं. २०२३च्या जुलैत टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली, तेव्हा कोणती डिश तोट्यात जातेय हे कार्डवाल्यांनाच कळलं.

आणि केओटी मागितल्या की मालक म्हणतो, "आकडे बाहेर जायला नकोत." मग तक्ता कशावर बनवू, हवेवर?

रोकडा सवाल
कार्ड बनवा ना, हात कोणी धरलाय! पण कार्डावर 'तयार ग्रेव्ही १८० ग्रॅम' छापून आणता, तिथे गोम आहे. ५ टक्के जीएसटीवाल्या हॉटेलला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) नाही. पाकिटावर भरलेला कर सरळ खर्चात. ताज्या कांदा-टोमॅटोवर करच नाही. हा फरक तुमच्या तक्त्यात कधी दिसला नाही.

बिलटीवाला
आणि कांदा चिरणाऱ्या पोऱ्याचा पगार, गॅस, नासाडी? तो फरक तुमच्या हिशेबात दिसत नाही.

वस्तादांची लेक
दोघांचंही अर्धंच पटलं. गणपतीला वस्ताद गावी जातात तेव्हा तयार ग्रेव्हीच हॉटेल तारते, हे मी घरात पाहिलंय. पण तुमचा माणूस येतो, गल्ल्यावर बसून मालकाशी बोलतो आणि निघतो. भटारखान्यात पाऊल टाकत नाही. शेगड्या किती, तंदूर एक की दोन, रात्री ९ वाजता कुठली डिश अडते, हे वस्तादालाच माहीत. त्याला न विचारता बारा नव्या डिशेस घुसवल्या की ऑर्डरी तुंबणारच. माझं मत विचाराल तर मेनू वाढवणारी नाही, कापणारी सेवा द्या.

गल्लेवाला
@वस्तादांची लेक, कापणं मालवाल्याला परवडत नाही, दुखणं तेच आहे.

@बिलटीवाला, तीन महिन्यांच्या केओटी देतो. डिशचं नाव आणि नग, रक्कम नाही. कार्डावर ब्रँडचा रकाना कोरा ठेवायचा, माल कुठून घ्यायचा ते मी बघेन. हवी तर फी लावा, देईन.

रोकडा सवाल
फीही घेतील आणि पनीरही विकतील. बघच.

बिलटीवाला
फीचं साहेबांच्या कानावर घालतो. पण ब्रँडचा रकाना कोरा ठेवायला ते तयार होणार नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो. माझं टार्गेट त्याच रकान्यावर मोजतात.