शाळेच्या फाटकाबाहेरच्या पुड्या : सरकारने लक्ष घालावं की घालू नये?

रानजाई
मे २०१७ मध्ये राज्य सरकारने शाळांच्या उपाहारगृहांत चिप्स, नूडल्स, पिझ्झा, कोल्ड्रिंक विकायला बंदी केली. चांगलंच केलं, पण आमच्याकडच्या बहुतेक शाळांना उपाहारगृहच नाही. पोरं खातात ती टपरीवर. एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे फाटकापासून ५० मीटरच्या आत असे पदार्थ विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. मी शिकवते त्या शाळेसमोर पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा डोक्याला लागतात आणि टपरीची पाटी कोल्ड्रिंक कंपनीने रंगवून दिलेली आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीदरम्यान महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेलं. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर इशाऱ्याचे काळे अष्टकोन छापायला लावले, त्यांच्यावरची कार्टूनं काढायला लावली. अष्टकोन निरक्षर आजीलाही कळतो. आपल्याकडे का नको? आणि अशा पदार्थांवर जादा कर का नको?

बांधावरून
ताई, त्याच सर्वेक्षणात राज्यातली ३५.२ टक्के मुलं खुरटलेली निघाली, ते का सोडलंत? जानेवारी २०२५ मध्ये सरकारने शालेय पोषण आहारातल्या अंड्याचे पैसे बंद केले. हवं तर शाळांनी लोकवर्गणीतून द्यावं म्हणे. आमच्या वाडीवर वर्गणी कोण देणार? ज्यांना अंडं परवडत नाही त्यांच्या बिस्किटावर कर लावून कोणाचं भलं होणार? लठ्ठपणा हा शहरी सोसायट्यांचा प्रश्न आहे.

रानजाई
अंड्याबद्दल तुमच्या बाजूने उभी आहे, कुठेही सही करते. पण पुडी फक्त सोसायटीतलं पोर खात नाही. मजुराचं पोर सकाळी पुडी खाऊन येतं, मग खिचडी ताटात तशीच राहते. भूक मरते, अंगाला काही लागत नाही. खुरटलेल्या मुलालाही तीच पुडी नडते.

चौथाफाटा
कर हवा, पण आपला कर भलताच आहे. केरळने २०१६ मध्ये पिझ्झा-बर्गरवर १४.५ टक्के लावला, वर्षभरात जीएसटी आला आणि तो संपला. सप्टेंबर २०२५ पासून कोल्ड्रिंकवर ४० टक्के, तर बिस्किटं, चॉकलेट, फरसाण, इन्स्टंट नूडल्स ५ टक्क्यांत. शिवाय ते ४० टक्के बिनसाखरेच्या कोल्ड्रिंकलाही तेवढेच, मग कंपनी साखर कशाला कमी करेल? ब्रिटनने २०१८ मध्ये १०० मिलिलिटरमागे साखर किती यावर कर ठरवला, तर कंपन्यांनी आपणहून साखर उतरवली. नक्कल करायची तर याची करावी.

माहेरवाट
माझा अशा बंदीला आणि कराला विरोध आहे. नियम कागदावर राहतो आणि दंड भरते ती टपरीवाली बाई. कंपनीच्या केसालाही धक्का लागत नाही. त्यापेक्षा पोरांना खेळू द्या. माझ्या मुलाच्या शाळेत पीटीचा तास गणिताला जातो आणि मैदानावर बस उभ्या असतात. हेही धोरणच आहे ना? त्याला एक पैसा लागत नाही, फक्त तास परत द्यायचा आहे.

रानजाई
तास परत मिळालाच पाहिजे. टपरीवालीबद्दलही पटलं. शाळा व्यवस्थापन समितीत मांडते, की तिने उकडलेल्या शेंगा, चणे, केळी ठेवावीत आणि शाळेने तिला सुट्टीत फाटकाशी जागा द्यावी. कंपनीची पाटी मात्र उतरलीच पाहिजे.

माहेरवाट
पाटीला माझी ना नाही. पण शेंगा खपल्या नाहीत तर तिचा तोटा कोण भरणार, हेही त्याच बैठकीत ठरवून घ्या.