मॉनिटर घेताना अडॅप्टरही पाहा

भाऊ, सात-आठ हजारांत २२ इंची घेऊ की २४ इंची, असं तुम्ही विचारलं. बावीसच घ्या, पण आयपीएस पॅनल (बाजूनं पाहिलं तरी नीट दिसणारा पडदा) अन् १९२० बाय १०८० ठिपक्यांचं रिझोल्यूशन पाहून. टीएन हा पॅनलचा दुसरा प्रकार स्वस्त पडते, पण बाजूला बसलेल्या गिऱ्हाइकाला सातबारा फिका दिसते. माझं ऑनलाइन कामाचं दुकान दारव्ह्याजवळ, खेड्यात. इथं लाइन गेली की येताना झटका देऊनच येते, लय वैताग बाप्पा! मागच्या पावसाळ्यात मॉनिटरचा बाहेरचा अडॅप्टर (वायरीवरचा वीज पुरवणारा डबा) जळला, पॅनल शाबूत. तेवढ्याच व्होल्ट-अँपिअरचा, तशाच पिनचा दुसरा लावला अन् चालू. म्हणून पॉवर सप्लाय आत असलेला मी तरी घेत नाही. सर्व्हिस सेंटर यवतमाळात आहे की थेट नागपूर गाठावं लागते, ते आधी फोन करून विचारा. अन् खोका फेकू नका, वॉरंटीत पाठवताना तोच कामी येते.