नोव्हेंबरातले ब्लॉक एप्रिलपर्यंत टिकतात का?

ड्रॉप_कव्हरेज (धागाकर्ता)
एनबीएचा (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) हंगाम सुरू होऊन तीन आठवडे झाले की कुठल्या तरी सेंटरच्या (रिम म्हणजे टोपलीचं कडं राखणारा उंच खेळाडू) बचावाचे तक्ते फिरू लागतात, आणि सर्वोत्तम बचावपटूचा किताब त्याला तेव्हाच बहाल होतो. माझं म्हणणं असं की पहिल्या २० सामन्यांचे हे आकडे पुढे टिकतील असं धरूच नये.

साधा हिशोब करा. एखादा सेंटर सामन्याला अडीच ब्लॉक (समोरच्याचा शॉट हाताने अडवणं) करण्याच्या कुवतीचा असेल, तर २० सामन्यांत ५० ब्लॉक अपेक्षित. ५०चं वर्गमूळ ७च्या आसपास. नशिबाने दोन्ही बाजूंना याच्या दुप्पट फरक सहज पडतो, म्हणजे त्याच्या खेळात काहीही न बदलता ३६ ते ६४ यांतला कुठलाही आकडा येऊ शकतो. ६४ आले की सरासरी ३.२ दिसते आणि लोक म्हणतात, ‘यंदा वेगळाच खेळतोय’. रिमपाशी त्याच्यासमोर घेतलेल्या शॉट्सचंही तेच. सामन्याला ६ धरले तर १२० शॉट्स होतात, आणि त्यांतले किती पडले या टक्केवारीत ९ टक्क्यांची चूक दोन्ही बाजूंना सहज निघते. ४८ टक्के आणि ५७ टक्के यांच्यात दिग्गज आणि साधारण एवढा फरक आहे. २० सामन्यांत तो ओळखताच येत नाही.

उदाहरण २०१३-१४च्या इंडियाना पेसर्सचं. त्यांचा सेंटर रॉय हिबर्टने पहिल्याच सामन्यात ओरलँडोविरुद्ध ७ ब्लॉक केले, सुरुवातीच्या आठवड्यांत सरासरी ४च्या वर होती, संघ १६-१ (१६ विजय, १ पराभव). हंगाम संपला तेव्हा सरासरी २.२ होती आणि किताब शिकागोच्या जोआकिम नोआला गेला.

रिमचा_राखणदार
हिशोब बरोबर आहे, पण हिबर्टचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. २.२ ही त्याची खरी कुवत धरली तर सुरुवातीच्या ८ सामन्यांत १८ ब्लॉक अपेक्षित, आणि नशिबाने फार तर २६. सामन्याला ४ म्हणजे ३२ होतात. एवढी तफावत योगायोगाने येत नाही. ते आकडे खरे होते. प्रतिस्पर्धी मागाहून शहाणे झाले.

पेसर्सचे तेव्हाचे प्रशिक्षक फ्रँक व्होगेल यांची पद्धत आठवा. गार्डने (बाहेर खेळणाऱ्या चपळ खेळाडूने) स्क्रीनवरून (चेंडूवाल्याच्या सहकाऱ्याने अंगाने घातलेला अडसर) जाऊन चेंडूवाल्याचा पाठलाग करायचा आणि हिबर्टने मागे सरकून रिमपाशी थांबायचं. चेंडूवाला मधल्या पट्ट्यात अडकतो. नोव्हेंबरात लोक तरीही लेअपला (रिमपाशी जाऊन चेंडू अलगद टाकायला) जात होते आणि ब्लॉक होत होते. पुढे प्रतिस्पर्ध्यांचे गार्ड ८-१० फुटांवर थांबून फ्लोटर (उंच, हलका शॉट) मारू लागले. ब्लॉक घटले, तरी पेसर्सचा बचाव हंगामअखेर लीगमध्ये पहिलाच राहिला. ब्लॉक कमी होणं म्हणजे दहशत बसल्याची पावतीही असू शकते.

ड्रॉप_कव्हरेज
बचाव पहिला राहिला हे मान्य. पण फेब्रुवारीतल्या ऑल-स्टारच्या सुट्टीपर्यंत ४०-१२ असलेला संघ पुढे १६-१४ खेळला, हे सोडून कसं चालेल? प्लेऑफ्सच्या (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्या फेरीत ३८-४४च्या अटलांटाने त्यांना सातव्या सामन्यापर्यंत ओढलं. कारण सरळ होतं: पेरो आंतिच हा अटलांटाचा सेंटर थ्री (दूरच्या रेषेबाहेरून तीन गुणांचा शॉट) मारणारा. हिबर्टला रिम सोडून २४ फुटांवर यावं लागलं आणि मागे राखायला कोणी उरलं नाही. पाचव्या आणि सहाव्या सामन्यात हिबर्टच्या नावावर एकही गुण नाही; बाकावरच जास्त वेळ गेला.

कोपऱ्यातला_थ्री
या मुद्द्यावर धागाकर्त्यांच्या बाजूने. २०२१ मध्ये युटाचा सेंटर रुडी गोबेअरला तिसऱ्यांदा किताब मिळाला आणि त्याच प्लेऑफ्समध्ये क्लिपर्सनी पाचही जण थ्रीच्या रेषेबाहेर उभे केले. गोबेअर मदतीला रिमकडे धावला की त्याचा माणूस टेरन्स मान मोकळा. सहाव्या सामन्यात मानने ३९ गुण मारले आणि युटा घरी गेलं. ज्या चाचणीला महत्त्व आहे तिथे हंगामभराचे आकडेही टिकत नाहीत, मग नोव्हेंबरातल्यांचं काय घेऊन बसलात?

रिमचा_राखणदार
गोबेअरवर हा ठपका मला कधीच पटला नाही. त्या मालिकेत युटाचे गार्ड पहिल्या पावलाला मागे पडत होते. एका माणसाने रिमही राखायचा आणि २२ फुटांवरच्या कोपऱ्यात क्लोजआउटही (शॉट घेणाऱ्यावर धावून जाणं) करायचा, हे सात फुटी माणसालाच काय, कोणालाही जमणार नाही. तोच गोबेअर २०२३-२४ मध्ये मिनेसोटात पाहा. मिनेसोटाचा बचाव सुरुवातीपासून पुढे होता आणि शेवटी लीगमध्ये पहिला आला. गोबेअरचे ब्लॉक मात्र फक्त २.१! सरासरीत लीगचा अव्वल होता सॅन अँटोनिओचा व्हिक्टर वेंबान्यामा, ३.६. तरी किताब गोबेअरला, चौथ्यांदा.

९४_बाय_५०
दोघंही टिकाऊ आणि बिनटिकाऊ आकडे एकाच पोत्यात भरताय, म्हणून वाद संपत नाहीये.

सगळ्यात लबाड आकडा ‘तो मैदानात असताना संघाने दर १०० पझेशन्सना (प्रतिस्पर्ध्यांकडे चेंडूचा ताबा येण्याच्या वेळांना) दिलेले गुण’. यात प्रतिस्पर्ध्यांचे थ्री मिसळलेले असतात. सामन्याला ३५ थ्री धरा. ३६ऐवजी ३३ टक्के पडले तर तीनेक गुणांचा फरक एवढ्यानेच पडतो, आणि सेंटरचा त्यात हात जवळपास नसतो. फ्री थ्रो (फाउलनंतरचा मोकळा शॉट) पडण्या-न पडण्यात तर मुळीच नसतो. नोव्हेंबरात एखादा राक्षस वाटला की आधी तो मैदानात असताना समोरच्यांची थ्रीची टक्केवारी काढा. ती ३२-३३ असेल तर टाळ्या थांबवा.

रिमच्या नेमबाजीच्या आकड्यात दुसरी मेख आहे. २०१३-१४ पासून सगळ्या स्टेडियममध्ये कॅमेरे आले आणि हा आकडा सार्वजनिक झाला. व्याख्या अशी होती की बचावपटू रिमपासून ५ फुटांत आणि शॉट घेणाऱ्यापासूनही ५ फुटांत हवा. सेंटर उशिरा पोहोचला, ६ फुटांवर राहिला आणि लेअप पडला, तर त्याच्या खात्यात काहीच नाही. त्याच्या धाकाने शॉट घेतलाच नाही, तरीही काहीच नाही. म्हणून मी टक्केवारीआधी संख्या पाहतो: तो मैदानात असताना समोरचे रिमपाशी किती वेळा जातात आणि तो नसताना किती वेळा. शॉट जाणं-न जाणं यात नशीब कमी, त्यामुळे ही संख्या लवकर स्थिरावते.

तिसरी गोष्ट फाउल. सरळ वर उडी, हात उभे, छाती चेंडूवाल्याकडे न झुकलेली, हे हिबर्टचं शस्त्र होतं. पाय थकले की उडी पुढे जाते, हात खाली येतात आणि तोच प्रसंग शिट्टीचा होतो. ३६ मिनिटांमागे फाउल वाढायला लागले की ब्लॉकचा आकडा अजून शाबूत असला तरी पुढची घसरण मला तिथेच दिसते.

कोपऱ्यातला_थ्री
वेंबान्यामाचं मात्र या चौकटीत बसत नाही. त्याचे आकडे सुरुवातीपेक्षा वर गेले.

९४_बाय_५०
कारण त्याची जागा बदलली. २०२३ च्या डिसेंबरात त्याचे तेव्हाचे प्रशिक्षक पॉपोविच यांनी त्याला सेंटर झॅक कॉलिन्सशेजारून काढून सेंटरला आणलं. पॉवर फॉरवर्ड (सेंटरच्या जोडीचा दुसरा उंच खेळाडू) असताना कोपऱ्यातल्या माणसाला धरून राहावं लागायचं, तो थेट रिमपाशी आला. आकड्यांमागची भूमिका बदलली की जुने २० सामने बाद धरावेत, वरच्या दिशेनेसुद्धा.

ड्रॉप_कव्हरेज
संख्येचा मुद्दा मला पटला. माझी २० सामन्यांची अट मी फक्त टक्केवारी आणि ब्लॉकपुरती ठेवतो. पण टिकणं म्हणजे शरीर टिकणंही आलं. २०२४-२५ मध्ये वेंबान्यामाचे ३.८ ब्लॉक कुठेही घसरत नव्हते. ४६ सामन्यांनंतर उजव्या खांद्यात रक्ताची गुठळी निघाली आणि हंगाम संपला. किताबासाठी ६५ सामने लागतात, तो क्लीव्हलँडच्या इव्हान मोबलीला गेला.

रिमचा_राखणदार
गुठळीचा दोष आकड्यांना देऊ नका. ते दुखणं कुठल्याही तक्त्यात आधी दिसलं नसतं. मिनिटं आणि लागोपाठच्या दिवसांचे सामने यांवर बोलायचं असेल तर जरूर बोलू, तो वेगळा हिशोब आहे.