आईची थायरॉईडची गोळी चालू आहे तरी टीएसएच उतरत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही रावेरकडचे. आई ५६ ची आहे. हिवाळ्यापासून तिचं अंग सारखं जड, पोट साफ नाही, आवाज घोगरा, हात एवढे सुजले की पाटल्या निघेनात. सगळे म्हणायचे वय झालं, त्यात केळीच्या मळ्यातलं काम. पण मे महिन्यात पारा ४५ ला, आम्ही सगळे कूलरसमोर आणि ही गोधडी घेऊन बसलेली, म्हणे बंद करा ते, थंडी वाजते! मग जळगावला नेलं. टीएसएच (थायरॉईड कमी काम करत असली की रक्तात वाढतं ते हार्मोन) १८, फ्री टी४ (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) कमी, अँटी टीपीओ ही रक्तातल्या अँटीबॉडीची तपासणी पॉझिटिव्ह. ५० मायक्रोग्रॅमची थायरॉईडची गोळी सुरू झाली.

दोन महिन्यांनी टीएसएच १४. आता ७५ ची घ्या म्हणताहेत. पण आई पहाटे चहाचा कप हातात घेऊनच ती गोळी घेते, सोबत कॅल्शियमची आणि रक्तवाढीची (लोहाची) पण, तिन्ही एकदम. चिठ्ठीवर नुसतं "सकाळी उपाशीपोटी" लिहिलंय आणि तिथे गर्दी एवढी की विचारायला वेळच मिळाला नाही. डोस खरंच कमी पडतोय का गोळी अंगीच लागत नाहीये? शेजारच्या काकू म्हणतात कोबी-फ्लॉवर बंद करा, एकजण म्हणे गोळी सोडा, काढा घ्या. जीव नुसता टांगणीला लागलाय, प्लीज कोणीतरी सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी धुळ्याची, माझी पण हीच गोळी चालू आहे. आधी वेळ बदला. उठल्यावर नुसत्या पाण्यासोबत घ्यायची आणि चहा अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाची गोळी त्यानंतर निदान चार तासांनी, म्हणजे दुपारी जेवण झाल्यावर द्या, त्या दोन्ही थायरॉईडची गोळी पोटात नीट शोषू देत नाहीत. आणि बाटली गॅसजवळच्या फळीवर ठेवत असाल तर हलवा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर खासच, उष्णतेने औषधाचा जोर कमी होतो.

७५ सुरू करायच्या आधी डॉक्टरांना फोन करून हे सगळं सांगा, ते ५० च ठेवून सहा-आठ आठवड्यांनी परत टीएसएच करायला सांगतील किंवा वाढवतील, ते त्यांना ठरवू द्या. टीएसएच हळूच उतरतो, आठ दिवसांत तपासून काही कळत नाही. गोळी मात्र अजिबात सोडू नका, अँटी टीपीओ पॉझिटिव्ह म्हणजे शरीरच आपल्या ग्रंथीवर हल्ला करतंय, काढ्याने ते थांबत नाही. शिजवलेली कोबी खुशाल खाऊ द्या, मीठ आयोडीनचं आहे ना तेवढं बघा. डोस वाढवल्यावर छातीत धडधड झाली किंवा दुखलं तर त्याच दिवशी दाखवा.