रूम, रूमी, रोमी आणि 'बायझंटाईन': कुठे काय लिहायचं?

बोरू: जुन्या मराठी लिखाणात 'रूमशाम' असा जोडशब्द भेटतो. शाम म्हणजे सीरिया, हे ठीक. पण रूम म्हणजे इटलीतलं रोम की तुर्कस्तान? हल्लीच्या लेखांत 'बायझंटाईन साम्राज्य' लिहितात, ते आणि हे एकच का? भाषांतर करताना कोणता शब्द धरावा?

टाकसाळ: इटलीतलं रोम नव्हे. त्या शहराला जुन्या अरबीत 'रूमिया' म्हणत. 'अर्-रूम' म्हणजे कॉन्स्टँटिनोपलहून (आजचं इस्तंबूल) चालणारं राज्य आणि तिथली माणसं. कुराणातल्या तिसाव्या सूरेचं नावच हे आहे. बोलायचे ग्रीक, पण स्वतःला म्हणवायचे 'रोमेई', म्हणजे रोमन. त्यांच्या लेखी त्यात विसंगती काहीच नव्हती. कॉन्स्टंटाईनने ११ मे ३३० रोजी नव्या राजधानीची प्रतिष्ठापना केली ती रोमचा सम्राट म्हणूनच, आणि २९ मे १४५३ ला तटावर पडलेला अकरावा कॉन्स्टंटाईनही रोमनांचाच सम्राट होता.

'बायझंटाईन' हे राज्याचं नाव नंतर चिकटवलेलं. बायझँटिऑन हे राजधानीच्या जागी आधी असलेलं ग्रीक नगर. हिएरोनिमस वोल्फ या जर्मन विद्वानाने १५५७ मध्ये तिथल्या इतिहासकारांचे ग्रंथ छापले आणि संग्रहाला हे नाव दिलं, तिथून ते हळूहळू रुळलं. म्हणून कथेत-नाटकात सातव्या शतकातल्या सैनिकाच्या तोंडी 'आम्ही बायझंटाईन' घालू नका. निवेदनात 'बायझंटाईन' किंवा 'पूर्व रोमन', संवादात 'रोमन'.

आता गोंधळ कुठे होतो ते सांगतो. राज्याचा मुलूख तुर्कांकडे गेला, पण मुलखाचं नाव तेच राहिलं. १०७१ च्या मांझिकर्टच्या लढाईनंतर सेल्जुक तुर्कांनी अनातोलियात (आजचं आशियाई तुर्कस्तान) जम बसवला, ते राज्य 'रूमची सल्तनत'. सूफी कवी मौलाना जलालुद्दीन तिथल्या कोन्या शहरात राहिले म्हणून 'रूमी'. ग्रीक किंवा ख्रिस्ती होते म्हणून नव्हे. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यावर उस्मानी सुलतान दुसऱ्या मेहमदने 'कैसर-ए-रूम' हा किताबही घेतला. तेव्हा मजकुराचं साल आधी बघा. अकराव्या शतकाआधीच्या अरबी-फार्सी मजकुरात रूम म्हणजे ख्रिस्ती साम्राज्य. शिवकाळातल्या मजकुरात रूमचा पातशहा म्हणजे उस्मानी सुलतान. मधल्या चारशे वर्षांत शब्दावर विसंबू नका, राजाचं नाव शोधा.

शिळाछाप: दख्खनमधलं ठोस उदाहरण जोडतो. विजापूरची मुलूख-मैदान तोफ १५४९ मध्ये निजामशाहीसाठी अहमदनगरला ओतली गेली. तिच्यावरच्या लेखात ओतणाऱ्याचं नाव आहे मुहम्मद बिन हुसेन रूमी. 'रोमन कारागीर' असं याचं भाषांतर केलं की सगळंच ओमफस्स. तो उस्मानी मुलखाकडचा, एवढाच त्या 'रूमी'चा अर्थ.

आणि गोव्यातली 'रोमी' वेगळी. रोमी लिपीतली कोंकणी म्हणजे रोमन अक्षरांत लिहिलेली, ती पोर्तुगीजांबरोबर आली. दोन्ही शब्दांचं आजोळ एकच शहर. एक पूर्वेकडून वळसा घेऊन आला, दुसरा पश्चिमेकडून. ऊकार-ओकाराची चूक इथे शुद्धलेखनाची राहत नाही, अर्थच फिरतो.

तुर्की भाषेत आजही इस्तंबूलच्या ग्रीक ख्रिस्ती लोकांना 'रूम' म्हणतात आणि ग्रीस देशातल्या ग्रीकांना 'युनान' शब्दावरून ओळखतात. आपला 'युनानी' त्याच घरातला, मूळ आयोनिया, म्हणजे अनातोलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा जुना ग्रीक प्रदेश.

बोरू: हे छान उलगडलं. आणखी दोन अडतात. 'बॅसिलिअस' म्हणजे राजा का? आणि आयकोनोक्लाझमला, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या प्रतिमांना झालेल्या विरोधाला, 'मूर्तिभंजन' चालेल?

टाकसाळ: जुन्या ग्रीकमध्ये राजाच. पण बायझंटाईन सम्राट हेराक्लिअसने ६२९ मध्ये हे आपलं अधिकृत बिरुद केलं, तेव्हापासून 'सम्राट' लिहा. पश्चिमेकडच्या राजांसाठी ते लॅटिनवरून घेतलेला 'रिक्स' वापरत. हा भेद त्यांना जिवापाड होता. ८१२ मध्ये त्यांच्या वकिलांनी पश्चिमेकडचा फ्रँक सम्राट शार्लमेन याला 'बॅसिलिअस' म्हणून संबोधलं खरं, पण त्याच सुमाराच्या बायझंटाईन सम्राट पहिल्या मायकेलच्या चांदीच्या नाण्यावर 'रोमनांचे सम्राट' असं स्पष्ट कोरलेलं दिसतं. म्हणजे तू सम्राट असशील बाबा, पण रोमनांचा आम्हीच. दोन्हीकडे 'राजा' लिहिलं की हा टोला भाषांतरात गळून पडतो. एकटीने राज्य करणाऱ्या आयरीनीच्या (७९७–८०२) नाण्यांवर 'बॅसिलिस्सा' आहे. तिला 'राणी' नको, 'सम्राज्ञी' लिहा.

शिळाछाप: 'मूर्तिभंजन' टाळावं. मूर्ती म्हटलं की मराठी वाचकाला गाभाऱ्यातली घडीव मूर्ती दिसते आणि पाठोपाठ गझनीचा महमूद आठवतो. इथला वाद मुख्यतः सपाट चित्रांचा: लाकडी फळीवर रंगवलेली, भिंतीवरची, मोझेइकमधली. ग्रीकांचा स्वतःचा शब्द 'इकोनोमाखिया', म्हणजे प्रतिमांवरून झालेली लढाई. 'प्रतिमाविरोध' किंवा 'प्रतिमावाद' जवळचा. बऱ्याच ठिकाणी फोडतोड नव्हे, चित्र काढून तिथे क्रूस बसवला गेला. इस्तंबूलच्या हागिया आयरीनी या जुन्या चर्चमध्ये वेदीमागच्या अर्धगोलात सोनेरी पार्श्वभूमीवर काळ्या रेषेचा एकटा क्रूस आजही दिसतो. माणसाची आकृती नाहीच. हा वाद ७३० च्या आसपास पेटला, ७८७ मध्ये थांबला, ८१५ ला पुन्हा उसळला आणि ८४३ मध्ये सम्राज्ञी थिओडोराच्या कारकिर्दीत मिटला.

यातली खरी शब्दकळेची गोष्ट ७८७ च्या निकाया इथल्या धर्मपरिषदेची. परिषदेनं दोन शब्द वेगळे ठेवले: 'प्रोस्किनिसिस' प्रतिमेला चालेल, 'लात्रिया' फक्त देवाला. मराठीत सरळ 'वंदन' आणि 'उपासना'. पण रोममध्ये जे लॅटिन भाषांतर झालं त्यात हा भेद नीट उतरला नाही, 'आदोरात्सिओ' हा एकच शब्द सगळीकडे पसरला. ते शार्लमेनच्या दरबारी पोचलं आणि तिथल्या पंडितांनी वाचलं की प्रतिमांना त्रैक्याइतकीच (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) उपासना द्या असं पूर्वेकडचे म्हणतात! ७९४ च्या फ्रँकफर्ट धर्मसभेनं ते मत धिक्कारलं. परिषदेनं जे म्हटलंच नव्हतं त्याचा निषेध. तुम्ही दोन्हींसाठी 'पूजा' लिहिलंत तर तीच चूक बाराशे वर्षांनी मराठीत होईल.

बोरू: आणि 'ऑर्थोडॉक्स' म्हणजे सनातनी?

शिळाछाप: नको. सनातनी म्हटलं की सुधारणेला विरोध करणारा असा वास येतो. इथे ते चर्चचं नाव आहे, 'ऑर्थोडॉक्स' असंच ठेवा. एक खबरदारी: केरळचं मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्च या बायझंटाईन परंपरेतलं नाही. ४५१ ची खाल्कीदोन इथली धर्मपरिषद न मानणाऱ्या गटातलं ते आहे. नावसाधर्म्याने दोघांची मोट बांधू नये.

टाकसाळ: जाता जाता 'पोर्फिरोगेनितोस'. 'जांभळ्या वस्त्रांत जन्मलेला' हे भाषांतर सर्रास दिसतं. राजवाड्यात पोर्फिरी या दगडाने मढवलेलं दालन होतं, सम्राज्ञी तिथे बाळंत होई. बायझंटाईन राजकन्या आणि इतिहासकार आन्ना कोम्निनी लिहिते की दगड जांभळा, आणि त्यावर वाळू भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. म्हणून 'जांभळ्या दालनात जन्मलेला'. बाप गादीवर असताना झालेलं मूल, असा त्याचा व्यवहारी अर्थ. आधी जन्मलेल्या थोरल्या भावाला हे बिरुद मिळत नसे. ९७२ मध्ये पश्चिमेकडच्या दुसऱ्या ओट्टोला लग्नात दिलेली थिओफानो तशी नव्हती. कीव्हच्या व्लादिमीरला दिलेली आन्ना मात्र होती, आणि त्यासाठी त्याला बाप्तिस्मा घ्यावा लागला.