ऑटिझम असलेल्या २४ वर्षांच्या भावासाठी बेळगावातच काम हवंय, सल्ला द्या (खर्च महिना ३००० पर्यंत)

शहापूरची_थोरली
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. मराठी माध्यमातून दहावी झाला, त्यानंतर घरीच. बोलतो कमी, पण वाचतो, लिहितो, मोजण्यात चूक होत नाही. आमच्या घरी पूर्वी माग होता. लहानपणी हा साड्या रंगांच्या क्रमानं लावायचा आणि मधली एक कुणी काढली की आल्या आल्या ओळखायचा. यंत्रमागाची खटखट, कुकरची शिट्टी, गणपत गल्लीतली गर्दी सहन होत नाही, कान झाकून बसतो. ठरलेली वेळ बदलली की दिवसभर अस्वस्थ असतो.

बाबा नाहीत. आई ६१ वर्षांची, मी नोकरीला. आपल्यामागं याचं काय, म्हणून आईला रात्रीची झोप नाही.

काम शहरातच हवं. शहापूर, वडगाव, टिळकवाडी, फार तर उद्यमबाग. शिकवणं, रिक्षा सगळं धरून महिना ३००० च्या वर मला झेपणार नाही. पगार थोडा असला तरी चालेल, पण पगार पाहिजे. नुसतं कुठंतरी बसवून ठेवायचं नाही.

निपाणीकर
पहिलं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा. ते नसलं तर कुठंच दाद लागत नाही. मग सरकारी नोकरीच्या मागं लागा, दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे. माझ्या आतेभावाला (पोलिओ) तसंच लागलं. आज पक्की नोकरी आहे, घर बांधलं, लग्न झालं. खासगीत काय खरं नाही बगा.

टिळकवाडीची_मावशी
अगं, बेळगावात काय ठेवलंय? बेंगळुरूला ने त्याला. सॅप या सॉफ्टवेअर कंपनीनं २०१३ पासून ऑटिझम असलेल्यांना मुद्दाम नोकरीत घेतलंय, बेंगळुरूच्या ऑफिसातसुद्धा. माझ्या जावेचा नातू तिकडंच दुसऱ्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. त्याच्यासाठी आई-बाप दोघं तिकडं राहायला गेले, भाडं २२ हजार, पण पोराचं सोनं झालं. पैशाकडं बघू नकोस.

शहापूरची_थोरली
मावशी, ऐकून बरं वाटलं. पण आमचा दहावी आहे, कॉम्प्युटर येत नाही, आणि २२ हजार हा माझा जवळजवळ अख्खा पगार आहे. शहरातच हवंय.

झेरॉक्स_अण्णा
ताई, नोकरी कशाला, धंदा घालून द्या की. माझ्या पुतण्याला (त्याला ऐकू येत नाही) सेकंड हँड झेरॉक्स मशीन ८५ हजारांत घेऊन दिली, वर लॅमिनेशनचं मशीन. कॉलेजजवळ गाळा घेतला. आता दिवसाला हजार कुठं गेले नाहीत. दिव्यांगांसाठी केंद्राचं वित्त महामंडळ आहे, कमी व्याजानं कर्ज मिळतं.

चिकोडीचे_मास्तर
गर्दी सहन न होणाऱ्या मुलाला परीक्षेच्या दिवसांत झेरॉक्सच्या काउंटरवर उभं करायचं? अण्णा, धागा नीट वाचा.

आता आरक्षणाविषयी. मी २६ वर्षं विशेष शाळेत शिकवलं. ४ टक्के हा आकडा बरोबर आहे, पण तो सगळा या मुलासाठी नाही. २०१६ च्या कायद्यात दृष्टी, श्रवण आणि हालचालीच्या दिव्यांगत्वाला प्रत्येकी १ टक्का आहे. उरलेल्या १ टक्क्यात ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व असे सगळे मिळून येतात. तेही त्या गटासाठी निश्चित केलेल्या पदांवरच. अर्ज जरूर करा, पण त्याची वाट बघत घरी बसवू नका.

दुसरं, त्याचं जुनं सर्टिफिकेट बघा. १९९५ च्या कायद्यात ऑटिझमचा उल्लेखच नव्हता, त्यामुळं आमच्या कितीतरी मुलांच्या कागदावर ‘मतिमंदत्व’ लागलं. तसं असेल तर नव्यानं तपासणी करून घ्या. ‘इसा’ नावाची भारतीय चाचणी आहे, ४० मुद्दे असतात, ७० आणि त्यावर गुण आले की ऑटिझम धरतात. काम देणाऱ्यानं कागद वाचला आणि त्यावर चुकीचा शब्द असला, तर तो मुलाशी तसाच वागतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

निपाणीकर
मास्तर, मी तरी काय चुकीचं सांगितलं? कार्ड काढाच म्हटलं. आणि ऑफिसातले कागद कन्नडमध्ये असतात, पोराला कन्नड शिकवून घ्या.

वडगाव_चौक
तिसरी भाषा कशाला त्याच्या डोक्यावर? ज्या दुकानात मराठी चालतं तिथं ठेवा. आमच्याकडं सगळं मराठीतच चालतं.

निपाणीकर
चालतं की, पण राज्य सरकारच्या नोकरीत कन्नड लागतं. मी भांडत नाही, आहे ते सांगतोय.

टिळकवाडीची_मावशी
मराठी-कन्नडचा वाद इथं नको रे बाबांनो. एका पोराचा प्रश्न आहे.

उद्यमबाग_शॉप
मास्तरांचं पटलं. माझं छोटं मशीन शॉप आहे, माणसं १४. भाच्याला ऑटिझम आहे, वय २७. तीन वर्षांपूर्वी तपासणीच्या टेबलावर बसवला. काय काय झालं ते सविस्तर लिहितो, कारण आम्ही आधी चुकाच केल्या.

काम असं: बुश म्हणजे धातूचा नळीसारखा भाग, त्याचं बोअर (आतलं भोक) मापात आहे का ते गो-नोगो गेजनं बघायचं. गो बाजू आत गेली पाहिजे, नोगो बाजू जाता कामा नये. पहिल्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, “जरा नीट बघ, काय वाटलं तर बाजूला काढ.” पोरगा तासभर हातात पीस धरून बसला. ‘काय वाटलं तर’ म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी टेबलाला कागद चिकटवला: हिरव्या ट्रेतून उचल, गो घाल, नोगो घाल, नोगो आत गेला तर लाल ट्रे. त्या दिवसापासून त्याच्या हातून खराब पीस पुढं गेलेला नाही.

महिन्याभरानं नवीनच. हिरवा ट्रे अकरा वाजता संपला आणि हा दीड वाजेपर्यंत तसाच बसून. माणसं म्हणायला लागली, मालकाचा भाचा फुकट पगार घेतोय. त्याला राग आला नाही, वाईट वाटलं, दोन दिवस आलाच नाही. कागदावर एक ओळ नव्हती: ट्रे संपला की कुणाकडं जायचं. ती लिहिली, माणसाचं नाव घातलं, तो माणूस नसेल तर दुसऱ्याचंही.

ग्राइंडरपासून लांब खिडकीजवळ जागा दिली, कानाला आवाज अडवणारे मफ दिले. डबा तो एकटाच खातो, त्याला बोलवायला जाऊ नका असं सगळ्यांना सांगून ठेवलं.

पुढं सुपरवायझर बदलला. नव्यानं पहिल्याच आठवड्यात टेबल हलवलं आणि पोरगा किंचाळला. नोकरी जाता जाता राहिली. तेव्हापासून काही बदलायचं असलं की दोन दिवस आधी कागदावर लिहून देतो. ताई, काम मिळवून द्याल, पण तिथं त्याची बाजू घेणारा एक माणूस पाहिजे, आणि तो माणूस गेला तर पुढं कोण, हेही आधीच ठरवा.

खानापूरचा_रानवाट
शॉपवाल्यांनी खरं लिहिलंय. आमचा मुलगा ३१ चा. आधी एका प्रशिक्षण केंद्रात घातला, आठ महिने फी भरली. कागदी पिशव्या, मेणबत्त्या, खडू. पोरं राबायची, माल विकायचे, आणि मुलांच्या हातावर दमडी नाही. विचारलं तर म्हणाले, हे शिक्षण आहे. काढून आणला. आता घरच्या नर्सरीत रोज १२० पिशव्या भरतो, माती-खत मापानं. शनिवारी त्याच्या हातात मजुरी देतो, तो डब्यात ठेवतो. ताई, गावाकडं जमीन असली तर रानातलं काम बघा, माणसांचा त्रास नाही. खेड्यात असाल तर पंचायतीचा व्हीआरडब्ल्यू (दिव्यांगांसाठीचा गावातला पुनर्वसन कार्यकर्ता) असतो, कागदांचं तो बघतो.

वडगाव_चौक
कुणी सांगितलं का माहीत नाही, पण यूडीआयडी कार्ड काढून घ्या.

अनगोळ_टॅक्स
ताई, तुम्ही नोकरीला आहात म्हणून सांगते. अवलंबून असलेल्या दिव्यांग भावासाठी जुन्या करपद्धतीत ७५ हजारांची वजावट मिळते, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १ लाख २५ हजार. ऑटिझमसाठी ठरावीक नमुन्यातलं डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. आणि कायदेशीर पालकत्वाची गरज आहे का तेही बघा. १८ नंतर आई आपोआप पालक राहत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा आहे, त्याखालची पालकत्व देणारी समिती जिल्हाधिकाऱ्यांकडं असते. पण तो स्वतःची सही स्वतः करत असेल, त्याला व्यवहार समजत असतील, तर घाईनं पालकत्व काढू नका. पगाराचं खातं त्याच्याच नावाचं असू दे.

झेरॉक्स_अण्णा
ऑटिझम आहे म्हणून मालकाला सांगायचंच नाही ओ. सांगितलं की कुणी घेत नाही. आधी काम दाखवा, मग सांगा.

उद्यमबाग_शॉप
अण्णा, न सांगता ठेवला आणि चार दिवसांनी कान झाकून खाली बसला तर मालक घाबरून काढून टाकेल. आधीच सांगा. कशानं त्रास होतो आणि काय केलं की पाच मिनिटांत शांत होतो, एवढं सांगितलं तरी पुरे.

चिकोडीचे_मास्तर
सहमत. फक्त ओळखीच्यांकडं ठेवू नका. ओळखीत मजुरी बुडते, आणि आपल्याला भांडताही येत नाही. सहा महिने चांगलं प्रशिक्षण, मग काम.

टिळकवाडीची_मावशी
मास्तरांशी सहमत, ओळखीत नकोच.

शहापूरची_थोरली
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय. मी तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या सांगण्याविरुद्ध गेले, रागावू नका.

आमच्या गल्लीतच एका काकांचं साड्यांचं गोदाम आहे. बाबांचे ओळखीचे. वरच्या मजल्यावर माग नाहीत, आवाज नाही. तिथं साड्यांची घडी घालणं, नंबरची चिठ्ठी लावणं आणि रंगाप्रमाणे गठ्ठे करणं असं काम आहे. सकाळी १० ते १२, फक्त दोन तास. प्रशिक्षण नाही, ओळखीतलंच, आणि रिक्षाही नको, चालत सात मिनिटं. मास्तर, तुमची भीती खरी होती म्हणून मजुरी आधीच नगावर ठरवून वहीत लिहून घेतली. वही तो स्वतः भरतो. काकांच्या आणि त्याच्या आकड्यात दोनदा फरक आला, दोन्ही वेळा काकांचं चुकलं होतं.

शॉपवाले दादा, तुमचा कागद जसाच्या तसा केला. शेवटच्या ओळीत ‘साड्या संपल्या की सुनीताकाकूंना सांग, त्या नसतील तर खाली काकांना’ असं लिहिलं. तरी पहिल्या मंगळवारी गोंधळ झालाच. शेजारच्या घरात ड्रिल मशीन चालू झालं, तो जिन्यात जाऊन बसला. काकूंना सांगून ठेवलं होतं, त्या जवळ गेल्या नाहीत, आवाज बंद झाल्यावर फक्त “चल” म्हणाल्या. वीस मिनिटांनी तो वर गेला.

जुन्या सर्टिफिकेटवर ‘मतिमंदत्व’च आहे. पुढच्या महिन्यात त्याला जिल्हा रुग्णालयात नेणार आहे, तेही सुट्टीच्या दिवशी नाही, कामाच्या दिवशी दुपारी. सकाळचे दोन तास त्याला सोडायचे नाहीत.

आता एक अडचण आहे. गणपतीत गोदाम पाच दिवस बंद असतं. काल रात्रीपासून तो कॅलेंडरसमोर उभा राहून विचारतोय, त्या पाच दिवसांत दहा वाजता काय करायचं. कुणाला काही सुचत असेल तर लिहा.

उद्यमबाग_शॉप
काकांना सांगून थोड्या साड्या त्या पाच दिवसांसाठी घरी आणा. वही तीच, वेळ तीच. आम्ही दिवाळीत बुशचा एक ट्रे घरी पाठवतो.