रायडर्सनं पैसा कुठं लावला: वलेट की हार्ड्रिक?

मसूरवाला_रविवारपेठ
१४ फेब्रुवारी २०२४, सकाळी ७.१०

नमस्कार मंडळी. काल रात्री आपल्या साडेदहाला सीएफएलचा, म्हणजे कॅनडातल्या फुटबॉल लीगचा, बाजार उघडला. करार संपलेले खेळाडू कुणाकडंही जायला मोकळे. दुकानाची वही मिटून मोबाईल घेऊन बसलो ते एक वाजेपर्यंत. घरात विचारलं तर सांगितलं, मसूरचा भाव बघायलोय. अगदीच खोटं नाही, दोन्ही कॅनडाच्या सास्काचेवान प्रांताचंच.

नवीन लोकांसाठी सांगतो. मी बेळगावच्या रविवार पेठेत कडधान्याच्या दुकानात हिशेब बघतो. पोत्यावरचं 'कॅनडा' वाचत निम्मी नोकरी गेली. २०१९ ला भाचा सास्काचेवानातल्या रिजायनाला शिकायला गेला. त्यानं पहिला फोटो पाठवला तो बर्फाचा नव्हे, कलिंगड पोखरून टोपीसारखं डोक्यावर घातलेल्या माणसांचा. तिथल्या रफरायडर्स संघाचा रंग हिरवा म्हणून तिथं तसं घालतात. त्या दिवसापासून मी पण हिरवा. गेल्या सप्टेंबरात दोन देशांचं बिनसलं तेव्हा पेठ सगळी मसूर येतोय का नाही ह्या काळजीत, आणि मी सामने बघायला मिळतात का नाही ह्या काळजीत.

आता मुद्दा. आपण टोरंटोचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, ए.जे. वलेट घेतला (आडनाव कसं म्हणायचं ह्यावर भाच्याशी वाद आहे, मी वलेट लिहितो) आणि विनिपेगचा टॅकल, म्हणजे समोरच्यांना अडवणारा, जर्मार्कस हार्ड्रिक. सगळा ग्रुप वलेटवर खूश. का असणार नाही, गेल्या सीझनला हजारावर यार्ड पळालाय, २०२२ च्या ग्रे कपमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलमध्ये, दोनदा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, दोन टचडाऊन. दणकट गडी, लांब केस, धरायला दोघं लागतात.

खरं माझ्या मते खरी खरेदी हार्ड्रिकची. तो चेंडूला हात लावत नाही, टीव्हीवर त्याचं नाव फक्त चूक झाली की येतं. आपला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, ट्रेव्हर हॅरिस जूनमध्ये अडतीस पुरा करेल. तो पळून सुटणारा नव्हे, उभा राहून फेकणारा. गेल्या जुलैत गुडघ्यावर बसला फटका आणि सीझन तिथंच संपला. ६-५ वरून ६-१२. त्याच्या आदल्या वर्षीही तेच, ६-५ वरून ६-१२. दोन वर्षं ओळीनं शेवटचे सात सामने हरणारा संघ मी दुसरा बघितला नाही. अशा माणसापुढं भिंत नको काय? एका संघाला सगळ्या खेळाडूंत मिळून साधारण ५५ लाख डॉलरच्या आत भागवायचं असतंय. त्यात जास्तीचा रुपया कुठं टाकायचा, पळणाऱ्यावर का भिंतीवर? तुमचं मत सांगा.

---

नवखा_वडगाव
१४ फेब्रुवारी, ९.३२

मामा, फुटबॉल म्हणताय आणि चेंडू हातात घेऊन पळतात म्हणताय. लेले मैदानावर असं केलं तर रेफ्री कार्ड दाखवून घरी पाठवतो. मेस्सीवाल्याचा धागा वेगळा आहे काय?

---

मसूरवाला_रविवारपेठ
१४ फेब्रुवारी, १.१५

हा वेगळा खेळ बाळ. अमेरिकनांच्या जवळचा, खरं त्यांचाही नव्हे. मैदान ११० यार्ड लांब, ६५ रुंद, बाजूला बारा-बारा जण. दहा यार्ड पुढं जायला तीन संधी. अमेरिकेत चार देतात. तीनमध्ये भागवायचं म्हणून इथं फेकून खेळणं जास्त, पळणं कमी. म्हणून तर मी भिंत भिंत करायलोय. शनिवारी सकाळी ६.३० ला ये, चहा घेऊन बघू. आत्ता नव्हे, जूनपासून. रिजायनात शुक्रवारी संध्याकाळी सातला सामना म्हणजे आपल्याकडं तीच वेळ, वर्षभर. ते सास्काचेवानवाले घड्याळ मागंपुढं करत नाहीत, तेवढे आपल्यासारखे.

---

खानापूर_डावाकोपरा
१४ फेब्रुवारी, १०.४८ रात्री

मामांचं अर्धं पटलं. मी वीस वर्षं कबड्डीचा डावा कोपरा. चढाईवाल्याचा फोटो पेपरात, आणि पाय धरून ठेवणाऱ्याच्या ढोपराला आयोडेक्स. त्यामुळं ओळीतल्या माणसाची कदर मला सांगायला नको.

फक्त एक विचारतो. हार्ड्रिक तिशी ओलांडलेला, २०१६ पासून विनिपेगसाठी दर सामन्यात धडका घेतोय. विनिपेगसारखा शहाणा संघ असा माणूस हातचा कशाला सोडेल? आमच्या गावच्या स्पर्धेत एकदा बाहेरून नावाजलेला कव्हर आणला. दोन हजार, वर मटणाचं जेवण. पहिल्या पकडीत खांदा निसटला. जेवण मात्र त्यानं पुरं केलं. माणूस घेताना त्याचं नाव नव्हे, गुडघा बघावा.

आणि तुमचा तो नियम, सुरुवातीच्या चोवीस जणांत (बारा हल्ल्याचे, बारा बचावाचे) किमान सात कॅनेडियन पाहिजेत, त्याचं काय? अमेरिकन विकत घ्यायला कुणीही घेईल. हे दोघंही अमेरिकनच ना? सामना फिरतो तो घरच्या सातांवर.

---

निपाणीची_आक्का
१५ फेब्रुवारी, ६.०५ सकाळी

टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टनहून लिहितेय. आमचा वलेट नेलात आणि वर त्याला कमी लेखायलाय, लाज वाटत नाही? अहो मसूरवाले भाऊ, वलेट नुसता पळत नाही, क्वार्टरबॅकवर कोण चालून आला तर आडवा होऊन अंगावर घेतो. तुमच्या हॅरिसला दोन भिंती मिळाल्यात, एक पगारात आणि एक फुकट.

बाकी आमच्या टोरंटोच्या अर्गोनॉट्सनी गेल्या वर्षी १६ जिंकले, २ हरले आणि घरच्याच मैदानावर माँट्रियालनं ३८-१७ नं झोडून बाहेर काढलं. त्या दिवसापासून मिस्टर म्हणतात आता हॉकी बघू. मी म्हटलं बघा तुम्ही. हे खेळाडू काही कोट्यधीश नव्हेत. किमान पगार ७० हजार डॉलर, आमच्या गल्लीतले ट्रकवाले तेवढं मिळवतात. म्हणून मला हे आपले वाटतात. दुखापत झाली की हातातलं जातंय, हे त्यांना ट्रकवाल्यांइतकंच माहीत आहे.

---

येळ्ळूरकर_विनिपेग
१५ फेब्रुवारी, ८.४० सकाळी

विनिपेगनं सोडला म्हणजे वाईट, असं नव्हे हो खानापूरवाले. पैसा पुरत नाही. चार जणांना खूश करायचं तर पाचवा जातो. हार्ड्रिक गेला ह्याचं इथं सगळ्यांना दुःख आहे, लॉकर रूमचा जीव होता तो.

बाकी रायडर्सवाल्यांनी खरेदीबद्दल बोलू नये. २०१९ ला झॅक कोलारोस पहिल्याच सामन्यात डोक्याला मार लागून बसला. तुम्ही टोरंटोला दिला, टोरंटोनं आम्हाला दिला, आणि त्याच वर्षी आम्ही त्याच्यासोबत ग्रे कप उचलला. हॅमिल्टनवर ३३-१२. पुढं दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. तुम्ही भंगारात घातलेली सायकल आम्ही पंक्चर काढून चालवली, थँक्यू.

आणि खेळाडू घ्यायच्या आधी मोजायला शिका. २००९ चा ग्रे कप आठवतोय काय, बारा जणांच्या खेळात तेरा जण?

---

मसूरवाला_रविवारपेठ
१५ फेब्रुवारी, ११.२० रात्री

येळ्ळूरकर, तुम्ही दुखऱ्या दाताला काडी लावली. नवख्यासाठी सांगावंच लागेल. कॅल्गरीत ग्रे कप, समोर माँट्रियाल, आपण दोननं पुढं. शेवटच्या क्षणाला त्यांच्या दुवालनं ४३ यार्डांवरून किक मारली, चुकली. आपले लोक मैदानात पळत सुटले. आणि पंचाचा नारिंगी रुमाल खाली. आपल्या बाजूला तेरा जण उभे होते. दहा यार्ड जवळून परत किक, ह्यावेळी आत. २८-२७. मी तेव्हा चाहता नव्हतो, मागाहून व्हिडिओ बघितला, तरी रात्री जेवण गेलं नाही. घरी म्हणाले पेठेत काय तोटा झालाय काय.

खानापूरवाले, घरच्या सातांचं तुमचं म्हणणं सोळा आणे बरोबर. कॅनडाचा मसूर दिसायला एकसारखा, चाळायला सोपा, लवकर शिजतो. बेळगावी मसूर बारीक, काळपट, खडा निवडायला बसावं लागतं. पाव्हणा आला की आमटी कशाची करतात ते सांगायला नको. आपल्याकडं सॅम्युअल इमिलस आहे, घरचा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, गेल्या वर्षी हजारावर यार्ड. ती बाजू बरी आहे. भिंत पडकी होती.

आक्का, वलेटबद्दल माफी. तुम्ही सांगितलेलं रोखायचं काम मी बघितलंच नव्हतं. रविवारी दोन जुने सामने त्याच नजरेनं बघतो.

---

खानापूर_डावाकोपरा
२२ जून २०२४

मामा, हार्ड्रिकचं ऐकलं. मी काही म्हणत नाही.

---

मसूरवाला_रविवारपेठ
२२ जून, ९.५० रात्री

म्हणा की. पाय गेला म्हणे, वर्ष गेलं त्याचं. आज दुकानात दोनदा बेरीज चुकली. एकदा गिऱ्हाईकाच्या फायद्याची, त्यानं सांगितली नाही.

---

निपाणीची_आक्का
१८ नोव्हेंबर २०२४, ११.१५ सकाळी

रायडर्सवाले जागे आहात काय? ग्रे कप, टोरंटो ४१, विनिपेग २४. आमचा मुख्य क्वार्टरबॅक आधीच्या सामन्यात पाय मोडून बसलेला, आर्बकल म्हणून राखीव गडी उभा केला आणि तोच सामनावीर. वलेट तुमच्याकडं, कप आमच्याकडं. मिस्टर आता हॉकीचं नाव काढत नाहीत. येळ्ळूरकर, तुमचं घर शेजारी असतं तर पेढे दिले असते.

---

येळ्ळूरकर_विनिपेग
१८ नोव्हेंबर २०२४

पेढे नकोत. कुंदा पाठवा, तो पण बेळगावचा. पश्चिम विभागाच्या फायनलमध्ये रायडर्सना ३८-२२ नं आम्हीच घालवलं, एवढ्यावर थंडी काढतो.

---

नवखा_वडगाव
१७ नोव्हेंबर २०२५, ८.२५ सकाळी

मामा!!! धागा वर काढतोय. फोन उचलत नाही तुम्ही.

---

मसूरवाला_रविवारपेठ
१७ नोव्हेंबर २०२५, १०.४० रात्री

दुकानात होतो बाळ, सोमवार. आता निवांत लिहितो.

पहाटे साडेचारला ग्रे कप सुरू. गल्लीत कुत्रं पण उठलं नव्हतं. आवाज बंद करून, पांघरुणात मोबाईल. समोर परत माँट्रियाल. २००९ ला तेच, २०१० ला पण तेच. मी आमच्या बाजूचे खेळाडू प्रत्येक वेळी मोजत होतो, खरंच, बोटानं स्क्रीनवर. शेवटी त्यांनी आपल्या गोल लाईनजवळ चेंडू सोडला आणि मी अंगावरचं पांघरूण फेकलं. २५-१७. आणि मैदान येळ्ळूरकरांच्या विनिपेगचं!

हॅरिस एकोणचाळिसाचा. २०२३ ला त्याला माँट्रियालकडून घेतला तेव्हा म्हातारा घेतला म्हणून लोक हसले होते. त्याच जुन्या संघाविरुद्ध सामनावीर. हार्ड्रिक परत उभा राहिला, खानापूरवाले, त्याचा गुडघाही बघा आणि जिद्दही बघा. वलेट ह्या सीझनला हजाराच्या वर. म्हणजे वाद कोण जिंकला? मला विचाराल तर तुम्ही. आधीच्या सामन्यात बीसी लायन्सविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत, २४-२१ करणारा चेंडू कुणी धरला? टॉमी नील्ड. अमेरिकन नव्हे, कॅनेडियन. फेब्रुवारीच्या त्या रात्री आपण कुणी त्याचं नाव पण घेतलं नव्हतं.

---

खानापूर_डावाकोपरा
१७ नोव्हेंबर २०२५, ११.०२ रात्री

मी काही म्हणत नाही. (खरं म्हणालो होतो.)

आता पुढचं बघा. २०२७ पासून मैदान शंभर यार्डांचं करणार, गोलपोस्ट मागं सरकवणार. अमेरिकेसारखं. मैदान आखूड झालं तर वलेटसारखा गडी महाग होणार का स्वस्त? त्यावर नवा धागा काढा.

---

निपाणीची_आक्का
१८ नोव्हेंबर २०२५

काढा, खरं आधी भाऊ, कलिंगडाचं काय झालं ते सांगा. घालणार म्हणून दोन वर्षांपूर्वी शब्द दिला होता फोनवर.

---

मसूरवाला_रविवारपेठ
१८ नोव्हेंबर २०२५, ७.३० सकाळी

आक्का, नोव्हेंबरात चांगलं कलिंगड कुठलं. मार्केटात एक मिळालं, ऐंशी रुपये, कापलं तर आत पांढरं फटक. तेच पोखरलं. काल सकाळी शटर उघडायच्या आधी पाच मिनिटं घालून फोटो काढावा म्हणून उभा राहिलो, भाच्याला पाठवायला. तेवढ्यात पोती उतरायला हमाल आला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, 'येन्री इदु?' म्हणजे कानडीत, काय हो हे?

काय सांगणार. म्हटलं, मसूर आलाय काय बघ. कानात रस गेलाय, अजून चिकटतोय.